बोटभर सैल

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमच्या गल्लीत सगळे मागून कात्री म्हणतात. समोरून म्हणायची छाती अजून कोणाला झालेली नाही. घराच्या खालच्या मजल्यावर आमचं शिवणकामाचं दुकान आहे. तिथे जाऊबाई कापड कापतात आणि माझे थोरले दीर, म्हणजे गिऱ्हाइकांचे मास्टर, ते शिवतात. लग्न झाल्यापासूनची ही वाटणी. त्या कधी मशीनवर बसल्या नाहीत आणि दिरांनी कधी कापणीच्या टेबलाला हात लावला नाही. वरच्या मजल्यावर आम्ही दोन्ही भावांची कुटुंबं राहतो. स्वयंपाकघर एकच आणि ते माझ्या ताब्यात. त्यामुळे कोणाच्या पोटात काय जातं हे या घरात मला सगळ्यांत आधी कळतं.

कापणारा माणूस बसत नाही. जाऊबाईंनी उभं आयुष्य त्या टेबलापाशी उभ्याने काढलं आणि अंगावर वजन वाढत गेलं तसा डावा गुडघा बोलायला लागला. आधी कुरकुरला, मग ओरडला, शेवटी जिना चढताना त्या प्रत्येक पायरीला एक शिवी देऊ लागल्या. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "गुडघा बदलावा लागेल. पण एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. आधी उतरवा. आणि नुसतं उतरवून माझ्याकडे धावत येऊ नका. वर्षभर टिकवून दाखवा, मग तारीख देतो."

"परीक्षाच घेतोय मेला," जाऊबाई दवाखान्याच्या दारातच म्हणाल्या. "देते. आणि पहिली येऊन दाखवते."

आणि त्यांनी उतरवलं. वीस किलो! त्या दिवसांत आमच्या घरात जणू एखादी मोहीम चालली होती. सगळ्यांच्या ताटात अर्ध्याहून जास्त भाजी, सकाळी अंडी, दुपारी डाळ आणि मूठभर भात, संध्याकाळी सूप. दिरांनी चहातली साखर सोडली. माझ्या नवऱ्याने, ज्याला कोबी बघितला की अंगावर काटा येतो, त्याने निमूटपणे कोबी गिळला. गल्लीतले लोक दुकानाच्या काचेतून वाकून बघायचे. "अहो ताई, निम्म्या झालात!" दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी तर इतर पेशंटसमोर त्यांना उभं करून टाळ्या वाजवल्या. जाऊबाई वरवर चिडायच्या, "मी काय सर्कशीतलं अस्वल आहे का?" पण घरी आल्यावर तो किस्सा त्या मला दोनदा सांगायच्या.

त्याच बाईंनी त्यांना निघताना बाजूला घेऊन सांगितलं होतं, मी शेजारीच उभी होते. "आतापर्यंत सोपं होतं. आता शरीर कमी जेवणात भागवायला शिकलंय, पण भूक मात्र आधीपेक्षा जास्त लागेल. थोडं थोडं परत चढणार. चढलं तर घाबरू नका, पण लगेच कळलं पाहिजे. दर आठवड्याला एकदा वजन बघा. बोटभर असतानाच आवरता येतं, हातभर झालं की नाही."

काटा घरात आणायला जाऊबाई तयार नव्हत्या. "तो आणला की मी दिवसातून दहादा त्यावर चढेन. पाणी प्यायले तरी चढेन." टेपही नको. टेप ज्याच्या हातात तो हवी तशी ओढतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? त्यांनी आपली मोजणी ठरवली ती शिंप्याच्या पद्धतीने. त्यांचा एक गडद निळा ड्रेस होता, आतून अस्तर लावलेला, कमरेला बाजूने हुकांची रांग. वीस किलो उतरल्यावर तो त्यांनी दिरांकडून नव्या अंगाबरोबर बेतून घेतला, एक सूतही सैल नाही. दर रविवारी सकाळी, काही खायच्या आधी, तो घालायचा. हुक लागले तर ठीक. नाही लागले तर त्या आठवड्यात ताट आवरायचं.

ड्रेस आत घ्यायला दिला तेव्हा त्या दिरांना म्हणाल्या, "आतली माया कापून टाका."

शिवणीच्या आत बोट-दोन बोटं जादा कापड दाबून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढेमागे कपडा सैल करायचा झाला तर तेच उपयोगाला येतं. आमच्या दुकानाचा पहिला नियमच तो, माया कापायची नाही. गिऱ्हाईक जाड होऊनच परत येतं.

"राहू दे की," दीर म्हणाले. "आत कोणाला दिसतेय?"

"मला परत जाड व्हायचं नाही, मग ठेवायची कशाला? कापा म्हणजे कापा."

"बरं," दीर म्हणाले.

दीर बरं म्हणाले की पुढे कोणी काही विचारत नाही. सगळं घर त्यांच्या 'बरं'वर चालतं.

मग टिकवायचं वर्ष सुरू झालं आणि मोहीम संपली. मला राग येतो तो इथे, आणि अजून येतो. वजन उतरत होतं तेव्हा सगळी गल्ली बघायला होती. ते जागच्या जागी राहिलं तेव्हा कोण बघणार? जिथल्या तिथे उभं राहण्याला कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि भूक तर दुप्पट. महिन्याभरात माझा नवरा म्हणाला, "वहिनींचं झालं ना आता? मग आपल्याला बटाटे तळायला हरकत नाही." तळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळले. दीर संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून क्रीमचे बन आणू लागले, "मुलांसाठी" म्हणून. आमच्या घरातली मुलं तेव्हा दुसऱ्या शहरात कॉलेजात होती.

सूप फक्त एका वाटीत राहिलं. जाऊबाई टेबलाच्या एका टोकाला बसून ते प्यायच्या आणि बाकीचे तिघं कुरकुरीत आवाज करत खायचे.

"आवाज तरी कमी करा रे," त्या म्हणायच्या.

गिऱ्हाइकांचे सल्ले तर काय विचारता! बँकेत काम करणाऱ्या एक बाई आमच्याकडे कायम शिवायच्या, त्यांनी पावडरचा डबा आणून दिला. रात्रीचं जेवण बंद, ती पावडर पाण्यात ढवळून प्यायची. जाऊबाई ती आठवडाभर प्यायल्या. "भिजवलेला खडू बरा," म्हणत डबा परत केला आणि त्या रात्री भाताचं पातेलं जवळजवळ एकटीने संपवलं. मग कोणीतरी धान्य पूर्ण सोडायला सांगितलं. ते केलं तेव्हा दुकानात सगळ्यांवर इतक्या खेकसायला लागल्या की एक कायमचं गिऱ्हाईक ट्रायल अर्धवट सोडून निघून गेलं. शेवटी मीच म्हटलं, "ताई, जे खाऊन उतरलं तेच थोडं वाढवून खा. उपास करायचा आणि मग तुटून पडायचं, हे तुम्हाला नाही झेपत." त्यांना पटलं. सकाळी अंडी परत आली, दुपारी डाळ, भाजी पोटभर, आणि त्यात एक पाव वाढला. मशीनशेजारी उभ्याने खायचं नाही, वर येऊन बसून खायचं. तीन-चार महिने निळ्या ड्रेसचे हुक मुकाट लागत राहिले.

मग एका रविवारी नाही लागले. खालचे दोन लागले, वरचा बोटभर दूर राहिला. मी चहा करत होते. आतून आवाज नाही, काही नाही. आत गेले तर जाऊबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या, हात कमरेवर आणि डोळ्यांतून पाणी. कात्रीच्या डोळ्यांतून पाणी मी त्याआधी फक्त त्यांची आई गेली तेव्हा बघितलं होतं. दीर दारात उभे होते. त्या दिवशी जाऊबाई काही जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याने त्यांनी दोन बन खाल्ले, तिसरा हातात होता. मी आले तसा त्यांनी तो ओट्यावर टाकला आणि म्हणाल्या, "बघतेस काय? जा, सांग सगळ्यांना."

मी कोणाला सांगणार होते? पुढच्या रविवारी मी श्वास रोखूनच होते. आतून हाक आली, "अगं, ये लवकर!" गेले तर तिन्ही हुक लागलेले आणि जाऊबाईंचा चेहरा फुललेला. "एका आठवड्यात जागेवर! उगाच रडले मी. दोन बन खाऊनसुद्धा, बघ!" दीर मागून म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? तू जास्तच घाबरतेस. पोटभर खात जा."

त्या खाऊ लागल्या. का नाही खाणार? दर रविवारी ड्रेस सांगत होता, सगळं ठीक आहे. सुपाच्या जोडीला तळलेल्या बटाट्याचा एक घास, मग दोन, मग वेगळी बशी. मधूनच एखाद्या रविवारी वरचा हुक घट्ट जायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा सैल. "माझं शरीर आता शिकलंय," त्या मला म्हणाल्या. थंडी सुरू झाल्यावर गुडघा परत कुरकुरू लागला, तर त्याचं खापर हवेवर फुटलं. त्यांचा चेहरा मला भरल्यासारखा वाटायचा, पण म्हटलं, हुक लागतायत ना. हुकांपुढे माझ्या डोळ्यांची काय किंमत?

वर्ष झालं त्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. जाऊबाईंनी मुद्दाम तोच निळा ड्रेस घातला होता. "डॉक्टरांना दाखवते. काट्याची गरजच नाही." नर्सने काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि कागदावर लिहिला.

"किती?"

नर्सने सांगितलं. उतरवलेल्यातलं निम्मं परत आलं होतं.

"तुमचा काटा बिघडलाय."

"बाई, सकाळीच तपासलाय."

"मग तुम्ही बिघडलायत. दुसरा आणा." जाऊबाईंचा आवाज अख्ख्या रांगेला ऐकू गेला. दुसऱ्या काट्यावर चढल्या. तोच आकडा. मग त्यांनी हुकांकडे बोट दाखवलं. "हे बघा! वर्षापूर्वी बेतलेला ड्रेस आहे हा. मी शिंपीण आहे, मला शिकवू नका. निम्मं वजन परत आलं असतं तर हा लागला असता का?"

डॉक्टरांनी ड्रेसकडे बघितलंच नाही. कागद बघितला. "ताई, मी तारीख देणार होतो आज. या वजनावर नाही देत. सहा महिन्यांनी या."

"सहा महिने हा गुडघा घेऊन जिना चढू?"

"मी काय करू शकतो?"

परत येताना गाडीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कात्री बोलत असते तेव्हा भीती नसते.

दुकानात बँकेच्या बाई ट्रायलसाठी आल्या होत्या, अंगावर टाचण्या लावलेला अर्धवट कोट. दीर त्यांची बाही बघत होते. जाऊबाई सरळ पडद्यामागे गेल्या आणि पेटीकोटवर माझी शाल गुंडाळून, निळा ड्रेस हातात घेऊन बाहेर आल्या. तो त्यांनी कापणीच्या टेबलावर उलटा पसरला आणि अस्तराची कड उसवायला घेतली.

"काय झालं? तारीख मिळाली का?" दिरांनी विचारलं.

जाऊबाई टाके तोडत राहिल्या. अस्तर मागे सारलं. आत माया होती. म्हणजे थोडी उरली होती, करंगळीएवढी. आणि कापडात, आजच्या शिवणीच्या आत, सुईच्या छिद्रांच्या रांगा होत्या, ओळीने, एकापलीकडे एक. प्रत्येक रांग म्हणजे एक जुनी शिवण, उसवलेली. त्या रांगांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"किती वेळा उसवलंत?"

दिरांच्या हातातून टाचणी पडली.

"मी नंतर येते," बँकेच्या बाई म्हणाल्या.

"बसा!" जाऊबाई कडाडल्या. "अंगावर टाचण्या आहेत, कुठे जाता? ऐका, तुम्हालाही कळू दे आमचे मास्टर कसं शिवतात." मग दिरांकडे वळल्या. "माया कापा म्हटलं होतं ना मी? तुम्ही बरं म्हणालात."

"कापवली नाही. सवयच नाही गं मला."

"आणि उसवायची सवय आहे?"

"तू रडत होतीस," दीर हळूच म्हणाले. "त्या दिवशी जेवली नाहीस. मला बघवेना. म्हटलं, बोटभर सैल केलं तर काय बिघडतं. तुला बरं वाटेल, नीट खाशील."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी परत घट्ट झाला. मग…"

"मग परत बोटभर. बोटबोट करून माझा गुडघा विकलात तुम्ही! मी दुसरं काय मागितलं होतं? घरात काटा ठेवला नाही, टेप लावली नाही. त्या एका ड्रेसवर विश्वास ठेवला. तो ज्या रविवारी पहिल्यांदा लागला नाही ना, तेव्हा बोटभरच होतं. आवरलं असतं मी. दोन आठवड्यांत आवरलं असतं! ओरडणारं एकच तोंड होतं माझ्याकडे आणि ते तुम्ही शिवून टाकलंत."

"मी तुझ्या भल्यासाठीच…"

"भल्यासाठी?" त्या टेबलावर पुढे झुकल्या. "मला खरं सांगा. माझं रडणं बघवत नव्हतं, की सूप बघवत नव्हतं? मी खायला लागले की बन उजळ माथ्याने आणता येत होते, बटाटे तळता येत होते, म्हणून बरं वाटत होतं तुम्हाला. हो ना? बोला की. तुमचं 'बरं' कुठे गेलं आता?"

दिरांनी वाकून पडलेली टाचणी उचलली. बँकेच्या बाई टाचण्या सांभाळत भिंतीला चिकटून बसल्या होत्या. मग जाऊबाईंची नजर माझ्याकडे वळली. "आणि तू? तळणीची कढई कोणाच्या हातात असते?"

"माझ्या," मी म्हटलं. "आणि आजपासून ती माळ्यावर जाईल. ओरडायचं असेल त्यांनी ओरडावं."

रात्री माझा नवरा ओरडला. मी त्याच्यासमोर सूप ठेवलं आणि सांगितलं, हॉटेल कोपऱ्यावर आहे, पाय आहेत, तुझे गुडघे ठणठणीत आहेत. तो गेला नाही. रागावून सूप प्यायला.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी निळा ड्रेस दिरांच्या मशीनवर आपटला. "पहिल्या रेषेवर परत घ्या. सगळ्यात आतली रांग. आज मला त्यात शिरता येणार नाही, ते माझं मी बघते."

"आणि माया?" दिरांनी घाबरत विचारलं. "कापू?"

मला वाटलं, कापा म्हणतील. त्या म्हणाल्या, "नको. दोन बोटं कापड कापून काय होणार आहे? दोरा बदला. लाल दोऱ्याने शिवा. बाहेरून, वरून, दिसेल असा. परत उसवलंत आणि परत शिवलंत, तर रांग हलेल आणि मला लांबून दिसेल."

"निळ्यावर लाल? अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. विचारलं तर मी सांगेनच."

आणि सांगितलं. गल्लीत ज्याने ज्याने विचारलं त्याला सांगितलं, मास्टरांसमोर, त्यांचे कान लाल होईपर्यंत. शिवाय रविवारचा नियम बदलला. आता हुक दिरांनी लावायचे. लागला नाही तर त्यांनीच मोठ्याने सांगायचं. पहिल्या रविवारी ड्रेस खांद्यावरून खालीच येईना. पुढच्या काही रविवारी कमरेपर्यंत आला, पण हुक लांबच राहिले. दीर दर वेळी खालच्या मानेने पुटपुटायचे.

"ऐकू आलं नाही."

"नाही लागत."

"किती?"

"चार बोटं."

"सूप वाढ गं!" त्या मला ओरडायच्या. "तिघांनाही वाढ. पोटभर वाढ. उपास कोणी करायचा नाही या घरात."

उपास कोणी केला नाही. तेच जेवण, अंडी, डाळ, भाजी, एक पाव. कधी त्यांना भूक अनावर झाली तर त्या सरळ सांगायच्या, "मला भूक लागली आहे आणि माझं डोकं फिरलंय, दोन्ही एकदम," आणि मी सफरचंद नाहीतर दही पुढे करायची. कधी बन खाल्ला तर टेबलावर बसून, सगळ्यांसमोर, एक. दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा नाही. उतरताना पहिल्यासारखं भराभर उतरत नव्हतं. रडकुंडीला यायच्या, मशीनवर कापड फेकायच्या, दिरांशी दोन-दोन दिवस बोलायच्या नाहीत. चार बोटांची तीन झाली, तिथेच अडली, मग दोन झाली. दीर बन आणायचे थांबले. शेवटी एका रविवारी त्यांनी वरचा हुक लावला आणि गप्प उभे राहिले.

"बोला."

"लागला," दीर म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला होता की मी गॅसकडे वळले.

"खेचून लावलात?"

"नाही. देवाशपथ."

जाऊबाईंनी वाकून शिवण तपासली. लाल रांग जागच्या जागी, सरळ.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तारीख दिली. काट्यावर चढताना जाऊबाईंनी नर्सला आधीच सांगून टाकलं, "मागच्या वेळचं मनात ठेवू नका, तेव्हा चूक काट्याची नव्हती." परत येताना त्या गाडीत खिडकीपाशी बसल्या होत्या, दीर मध्ये, मी टोकाला. दिरांनी जरा धीर केला.

"आता तरी तो लाल दोरा काढू का? निळा घालतो. नीट दिसेल."

जाऊबाईंनी मान वळवली नाही. "हात लावून बघा."

दिरांनी हात मांडीवर ठेवले आणि ते घर येईपर्यंत हलवले नाहीत.